टाळू, टब आणि टेन्शन

नवंकोरं बाळ घरी आलंय? अभिनंदन! आता खरं सांगा, घरात सगळ्यात जास्त घाबरलंय कोण? बाळ तर नक्कीच नाही. ते नऊ महिने पाण्यातच मुक्कामाला होतं. घाबरलेत ते टबाशेजारी उभे असलेले दोन इंजिनीअर, एक आजी आणि व्हिडिओ कॉलवरची नाशिकची आत्या.

घोडबंदर रोडचा बत्तिसावा मजला असो, डोंबिवलीचा फडके रोड असो की कल्याणचा पारनाका, पहिल्या अंघोळीचा सीन सगळीकडे सेम. एक जण पाणी बघतो, एक जण पंखा बंद करतो, एक जण उगाच ‘हळू, हळू’ म्हणतो. चला, टॉवेल खांद्यावर टाका. डुबकी मारू या!

माहीत आहे का, पहिली अंघोळ जितकी लेट तितकी ग्रेट? जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, जन्मानंतर किमान २४ तास बाळाला न्हाऊ घालू नका. कारण बाळ स्वतःचं क्रीम स्वतः लावून येतं. अंगावरचा तो पांढरा, चिकट थर, त्याचं नाव व्हर्निक्स. त्यात सुमारे ८० टक्के पाणी, बाकी स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं. त्वचा ओलसर ठेवतो, जंतूंना अडवतो, शंभर टक्के फुकट. ठाण्याच्या मॉलमध्ये असलं काही मिळालं असतं तर ईएमआयवर घ्यावं लागलं असतं. आणि आपण काय करतो? खसाखसा पुसायला धावतो.

असं क्रीम लावून जन्मणारा आणखी एक प्राणी सांगा. माकड? चूक. कॅलिफोर्नियाचा सी लायन! त्याच्या पिल्लांच्या अंगावरही हा थर सापडलाय.

आता जरा फिजिक्स. वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचं क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या जवळजवळ तिप्पट. म्हणून ओलं बाळ झपाट्याने थंड पडतं. त्यात गंमत अशी की नवजात बाळाला आपल्यासारखं कुडकुडता येत नाही. मग ऊब कुठून? मानेपाशी आणि खांद्यांच्या पात्यांमध्ये खास तपकिरी चरबी असते, ती जाळून बाळ उष्णता तयार करतं. इनबिल्ट हीटर! पण त्याची बॅटरी छोटी. म्हणून अंघोळ पाच-दहा मिनिटांत आटपायची, टॉवेल आधीच उघडून ठेवायचा, आणि एसी? बंद म्हणजे बंद. मे महिन्यातल्या डोंबिवलीतसुद्धा. तुम्ही घामाघूम व्हा, चालेल.

पाणी किती गरम? साधारण ३७ अंश, म्हणजे अंगाइतकंच. थर्मामीटर नसेल तर कोपर बुडवा. तळहातावर विश्वास ठेवू नका, तो वर्षानुवर्षं चहाचे कप धरून निबर झालाय. आणि क्रम लक्षात ठेवा. आपल्याकडे आधी कढत पाणी आणि मग त्यात विसण. बाळाच्या टबाला उलटा नियम, आधी गार, मग गरम. मध्येच लक्ष उडालं, तरी टबात चटका बसणारं पाणी नसेल.

किती पाणी? माहीत आहे का, फक्त पाच सेंटिमीटर पुरतं! बोटाच्या दोन पेरांइतकं. आणि तेवढ्या पाण्यातही बाळ बुडू शकतं, तेही अजिबात आवाज न करता. म्हणून एक हात कायम बाळावर. बेल वाजली? वाजू दे. कुरिअरवाला वाट बघेल, नाहीतर पार्सल शेजारच्या काकूंकडे देईल. त्या तसंही उघडून बघणारच आहेत.

एक जोक नसलेली ओळ. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर दारं-खिडक्या बंद करून तो चालू ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. पाणी भरून घ्या, गीझर बंद करा, हवा जाऊ द्या, अंघोळ खोलीत उरका. बाळंतिणीच्या शेक-शेगडीचंही तेच. वाड्यातल्या बाळंतिणीच्या खोलीला कौलांच्या फटी होत्या. तुमच्या वन बीएचकेला स्लायडिंग खिडक्या आहेत, त्याही घट्ट. कोळसा नकोच. शेकायचं असेल तर गरम पाण्याची पिशवी आहे ना!

आणि आता एंट्री घेतायत घरातल्या खऱ्या सेलिब्रिटी, मालिशवाल्या मावशी!

सकाळी मायगेट अ‍ॅपवर अप्रूव्हल येतं आणि अख्खा फ्लॅट सावधान स्थितीत उभा राहतो. ए विंगमध्ये दोन बाळं, सी विंगमध्ये एक, पलीकडच्या सोसायटीत जुळी. मावशींचं टाइमटेबल कल्याण फास्टपेक्षा टाइट आणि कल्याण फास्टपेक्षा वक्तशीर.

टेक्निक बघा. मावशी पाटावर बसतात, साडी गुडघ्यांपर्यंत खोचतात, दोन्ही पाय समोर लांब करून जुळवतात. नडग्यांच्या खोबणीत बाळ पालथं. डावा हात छातीखाली, हनुवटी बोटांवर टेकलेली, नाक-तोंड मोकळं. उजव्या हातात तांब्या. धार बारीक, मानेच्या मागून पाठीवर, उंचावरून नाही. मग बाळ उताणं. मानेच्या वळ्या, काखा, जांघा, मुठीत अडकलेला तो रहस्यमय काळा धागा, सगळीकडे बोट फिरतं. शेवटी टॉवेलने पुसणं नाही, टिपणं. आणि वळ्यांमध्ये ओल राहिली तर? घामोळं आणि रॅश, मुंबई महानगराची खास भेट. मी तर म्हणेन, त्या वळ्या कोरड्या करण्यात घालवलेलं एक मिनिट कुठल्याही महागड्या बेबी लोशनला भारी आहे.

पाय हाच टब! ना सेटअप, ना स्टोरेज. फक्त तेल लावलेलं बाळ साबणापेक्षा घसरडं असतं, तेव्हा पहिल्यांदा स्वतः ट्राय करणाऱ्यांनी जमिनीवरच बसा. बेसिन आणि ओटा, दोन्ही कटाप.

माहीत आहे का, ही पोझ युरोपात फेमस झाली तीही भारतातल्या एका आईमुळे? फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ फ्रेडरिक लबॉये कोलकात्यात आले. तिथे शांतला नावाची एक आई असेच पाय पसरून बाळाला मालिश करताना त्यांना दिसली. १९७६ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक काढलं, नाव ‘शांतला’. आज फ्रान्स आणि ब्राझीलमध्ये बाळाच्या मालिशला चक्क ‘शांतला’ म्हणतात. तिकडे वर्कशॉप, फी, योगा मॅट. इकडे मावशी, चहा आणि दोन बटर.

पण मावशींच्या काही गोष्टींना ठाम कात्री. नाकात तेल सोडणं? नको, ते फुप्फुसात जाऊ शकतं. कानात? नको. नाकात फुंकर मारून ‘साफ’ करणं? बिलकुल नको, बाळाला तुमचे जंतू फुकटात मिळतात. पाय धरून उलटं झुलवणं? सर्कस तंबूतच ठेवा. नाक चिमटीत धरून धारदार करणं, डोकं दाबून गोल करणं? नाक जीन्समधून येतं आणि डोकं आपोआप गोल होतं. वेखंड-ओव्याची धुरी? इवल्या फुप्फुसांना धूर तो धूरच.

मावशींना ‘नको’ म्हणायचं कसं, याचा कोर्स अजून कोणी काढला नाही. तोवर एक देशी जुगाड. डॉक्टरांच्या नावावर खपवा. ‘मावशी, माझं काही नाही हो, पण डॉक्टर ओरडतात.’ डॉक्टरांना याची सवय असते.

मसूर-बेसनाच्या पिठाने लव घासून काढायची घाई कशाला? ती लव काही आठवड्यांत आपोआप झडते. आणि आता तयार राहा. पोटात असताना बाळ स्वतःची झडलेली लव गिळतं, आणि ती बाहेर पडते पहिल्यावहिल्या काळ्या-हिरव्या शीमधून. होय, तुमच्या लेकराने जन्माआधीच स्वतःचे केस खाल्लेत. जेवता जेवता वाचत असाल तर सॉरी!

काजळ-तीट? दृष्ट काढायची तर मीठ-मोहऱ्यांनी काढा. काजळात शिसं असू शकतं, ते डोळ्यांपासून लांबच बरं. बोटाने मध चाटवणं? एक वर्षापर्यंत नाही, मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. पावडरचा ढग? नको, तो नाकातून आत जातो.

पावडरवरून आठवलं. ठाण्याच्या वेशीवरच्या मुलुंडमध्ये जॉन्सन अँड जॉन्सनच्या बेबी पावडरचा परवाना २०२२ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने रद्द केला होता. वादाचा मुद्दा काय, तर नमुन्याचा पीएच! जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कारवाई रद्दबातल ठरवली. शाळेत लिटमस पेपरला हसलेल्यांनो, बघा, प्रकरण हायकोर्टात जातं.

अंघोळ रोज हवीच का? अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ म्हणतात, पहिल्या वर्षात आठवड्यातून तीनदा पुरे. हे आजीला सांगून बघा, आणि प्रतिक्रिया रेकॉर्ड करा. आपल्या चिकट हवेत रोज न्हाऊ घालायला हरकत नाही, फक्त थोडक्यात आणि साबण कमी. नाळ पडेपर्यंत, म्हणजे साधारण एक-दोन आठवडे, कोमट ओल्या कपड्याने पुसून घेतलं तरी भागतं. नाळेला हळद, तेल, राख काही नको. कोरडी ठेवायची, बस्स. पाणीकपातीच्या दिवशी तर ही पुसापुशी म्हणजे लॉटरी. वजन कमी असलेल्या बाळाची अंघोळ मात्र डॉक्टर सांगतील तेव्हाच.

आता बाळाच्या बॉडीचे जादूचे प्रयोग!

टाळू उडतेय म्हणून घाबरलात? ती उडणारच, खाली रक्ताची लय चालू आहे. वरती चिवट पडदा असतो, हलक्या हाताने धुतल्याने काही होत नाही. माहीत आहे का, बाळाच्या कवटीत अशा मऊ जागा एक नाही, सहा असतात? पुढची मोठी साधारण वर्ष-दीड वर्षात भरते. टाळूवर तेल थापल्याने ती लवकर भरत नाही. मेंदूलाही तेल पोचत नाही. आयआयटीचं बघू नंतर.

पाण्यात ठेवताच बाळ दचकून दोन्ही हात फाकवतं? त्याला मोरो रिफ्लेक्स म्हणतात. अर्न्स्ट मोरो या ऑस्ट्रियन डॉक्टरचं नाव. हेच मोरो साहेब आणखी कशासाठी प्रसिद्ध? जुलाबावरच्या गाजराच्या सूपसाठी! बाळ दचकू नये म्हणून युक्ती सोपी. आधी पावलं, मग ढुंगण, मग पाठ, आणि छातीवर एक ओलं दुपटं.

रडतंय पण डोळ्यांत पाणी नाही? नाटक नाही ते. खरे अश्रू यायला काही आठवडे लागतात. ढुंगणावर निळसर डाग? कोणी आपटलं नाही. जर्मन डॉक्टर एर्विन बेल्झ यांनी १८८५ मध्ये जपानमध्ये त्याचं वर्णन केलं. काही वर्षांत तो फिका होतो. छाती सुजल्यासारखी, कधी दुधाचा थेंबही? मुलगा असो वा मुलगी, आईच्या हार्मोन्सचा प्रसाद. पिळायचं मात्र अजिबात नाही, गळू होऊ शकतं. मुलीच्या लंगोटाला पहिल्या आठवड्यात रक्ताचा ठिपका? तेच कारण. वजन घटलं? पहिल्या काही दिवसांत सात ते दहा टक्के घटतंच, दोन आठवड्यांत परत येतं. म्हणजे जगात डाएटशिवाय वजन उतरवणारी ही एकमेव मंडळी.

रेकॉर्ड ब्रेक! १९५५ मध्ये इटलीतल्या अव्हेर्सा गावात १०.२ किलोचं बाळ जन्मलं. २०२० मध्ये सिंगापुरात जन्मलेलं बाळ होतं फक्त २१२ ग्रॅमचं, एका सफरचंदाइतकं. तेरा महिने हॉस्पिटलमध्ये राहून ते ६.३ किलोचं होऊन घरी गेलं. टाळ्या!

आपल्याकडची बाळंही कमी नाहीत. मध्य रेल्वेच्या स्टेशनांवरचं ‘एक रुपया क्लिनिक’ ऐकलंय ना, तिथल्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये ठाणे आणि डोंबिवली स्टेशनवर बाळंतपणं केली. ज्या डोंबिवलीत गाडीत शिरायला जागा मिळत नाही, तिथे एकाने थेट जगात एंट्री मारली!

आता एक मिनिट ब्रेक, जरा गंभीर. १८६५ मध्ये जन्मलेली कल्याणची यमुना जोशी. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो जेमतेम दहा दिवस जगला. वैद्यकीय मदत मिळाली असती तर, ही बोच घेऊन ती अमेरिकेला गेली आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियातून एम.डी. झाली. त्याच आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी. प्रबंधाचा विषय? आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ ला, त्या पुण्यात गेल्या. वय अवघं एकवीस. आणि माहीत आहे का, शुक्र ग्रहावरच्या एका विवराला त्यांचं नाव आहे, ‘जोशी’! कल्याण ते शुक्र, व्हाया फिलाडेल्फिया.

दहा दिवसांच्या त्या बाळासाठी जे नव्हतं, ते आज दारात येतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो अभ्यास छापून आला. त्याच वाटेवरून २०११ मध्ये देशभर योजना आली. आता दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवर तिची वजनाची झोळी आणि थर्मामीटर हीच मोठी यंत्रणा. ती आली की चहा जरूर द्या, पण प्रश्नांची यादीही द्या.

सेंट्रल लाइनचा आणखी एक मान! आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी १९८९ मध्ये शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू झाली, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने. ठाण्याहून स्लो लोकल पकडा, सायनला उतरा.

गिफ्टचं बोला! फिनलंडमध्ये १९३८ पासून सरकार आयांना बाळाच्या सामानाचा खोका देतं. त्यात कपडे, अंघोळीच्या पाण्याचा थर्मामीटर, आणि खोक्यातच बाळाचा पहिला बिछाना. महाराष्ट्रानेही २०१९ मध्ये पहिलटकरणींसाठी बेबी केअर किट आणलं, साधारण दोन हजारांचं. त्यात मच्छरदाणी. फिनलंडवाल्यांना आमचे डास माहीत नाहीत.

कावीळ झाली म्हणून धास्तावलात? पूर्ण दिवसांच्या बाळांपैकी सुमारे ६० टक्के पहिल्या आठवड्यात पिवळी दिसतात. उपचार कुणी शोधला माहीत आहे का? इंग्लंडच्या रॉचफर्ड हॉस्पिटलमधल्या सिस्टर जीन वॉर्ड यांनी, १९५६ च्या सुमारास. त्या बाळांना बागेत उन्हात नेत. एकदा डॉक्टरांना दिसलं, बाळाचं उघडं अंग फिकं झालंय आणि चादरीखालचा तुकडा पिवळाच! त्यातून निळ्या दिव्यांचा उपचार आला. पण म्हणून घरीच गॅलरीतल्या उन्हावर भागवू नका. पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला की थेट डॉक्टर.

थेट डॉक्टर म्हणायच्या आणखी गोष्टी, पटकन स्क्रीनशॉट काढा. दूध ओढत नाही. शांत असतानाही श्वास मिनिटाला ६० च्या वर, किंवा छाती आत ओढली जाते. ताप ३८ अंश किंवा जास्त. ३६.५ च्या खाली गार पडलंय आणि छातीशी घेऊनही तापत नाही. नाळेभोवती लाली, पू. अंग ढिलं. अशा वेळी गूगल नाही, ग्रुप नाही. गाडी काढा, नाहीतर १०८ लावा.

बाकीच्या रडण्याचं काय? ते सहाव्या आठवड्याच्या आसपास पीकला जातं, मग उतरतं. आणि हा ऐका कमाल नगेट. २००९ च्या एका जर्मन अभ्यासात दिसलं, फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर चढत जातो, जर्मन बाळांचा उतरत जातो. पोटात ऐकलेल्या भाषेचा ठेका! आता डोंबिवलीतली बाळं ‘पुढील स्थानक’च्या चालीत रडतात का, यावर कुणीतरी पीएचडी करा.

आईचं रडणं मात्र हसण्यावारी नको. पहिल्या काही दिवसांत उगाच भरून येणं बहुतेक जणींना होतं, दोन आठवड्यांत ओसरतं. नाही ओसरलं तर? भारतातल्या ३८ अभ्यासांची २०१७ मध्ये एकत्र मांडणी झाली, तेव्हा २२ टक्के आयांमध्ये बाळंतपणानंतरचं नैराश्य दिसलं. पाचात एकीहून जास्त. ‘एवढं गोड बाळ आहे, रडतेस काय’ हे वाक्य घरातून तडीपार करा. टेली-मानसचा नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही.

आणि बाबा? त्यांच्यातही दहांतल्या एकाला हे गाठतं. शिवाय बाप झाल्यावर पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन घटतं, फिलिपिन्समधल्या २०११ च्या अभ्यासात तर बाळाची जास्त काळजी घेणाऱ्या बाबांचं आणखी कमी आढळलं. तेव्हा साडेसहाच्या फास्टने घरी आलेला बाबा टॉवेल धरून हळवा झाला तर चिडवू नका, केमिस्ट्री आहे ती.

शेवटचं, झोप! २०१९ मध्ये जर्मनीतल्या एका मोठ्या अभ्यासात आढळलं, पहिल्या बाळानंतर आईबाबांची झोप पूर्वपदावर यायला सहा वर्षंही पुरत नाहीत. सहा वर्षं, म्हणजे लेकरू पहिलीत! अभिनंदन, तेव्हा तुम्ही मस्त ताणून द्याल... थांबा, स्कूल बस सहा चाळीसला आहे.